खांबावर चढण्याआधी: पोल फिटनेसबद्दल कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिकवत नाही. दिवसभर एका फाउंड्रीचे हिशेब बघते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी, राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, एका उभ्या लोखंडी खांबाला, म्हणजे पोलला, लटकते, चढते आणि गिरक्या घेते. यालाच पोल फिटनेस म्हणतात. पाचवं वर्ष चालू आहे. ओळखीच्या बायका, त्यांच्या कॉलेजातल्या मुली, ऑफिसातले एकदोन पुरुष आणि एकदा तर गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला मुलगा, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

हे ते क्लबातलंच ना?

मूळ तिथलंच, लपवायचं कशाला? उत्तर अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांमधल्या बायकांनी ही कला घडवली. आज आपण ज्या गिरक्या शिकतो त्यातल्या कितीतरी त्यांच्याच आहेत. १९९० च्या दशकात कॅनडात काही जणींनी सर्वसाधारण बायकांना व्यायाम म्हणून शिकवायला सुरुवात केली आणि पुढे ते जगभर पसरलं. दुसरा धागा सर्कशीतला. चिनी सर्कशीत रबर चढवलेल्या उंच खांबावर पुरुष कसरती करायचे, ते याच्या बरंच आधीचं. २००९ मध्ये पोल स्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. २०१७ मध्ये जागतिक क्रीडा संघटनांच्या तेव्हाच्या शिखर संस्थेने तिला निरीक्षक दर्जा दिला. स्पर्धेत दोन खांब असतात, एक स्थिर आणि एक फिरता, आणि गुण जिम्नॅस्टिक्ससारखे अवघडपणा आणि सफाई बघून मिळतात.

तरी कुणी नाक मुरडलं, तर मी वाद घालत नाही. खांबाला हात लावून बघा म्हणते. पहिल्या तीस सेकंदांत मत बदलतं. बदललं नाही तरी हात भरून येतात.

मग मल्लखांबच का नको? तो तर आपला आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. जमत असेल तर मल्लखांब जरूर करा. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. वणीच्या डोंगरावर माकडांच्या उड्या बघून त्यांना डाव सुचले अशी गोष्ट सांगतात. दादरला आयुष्यभर मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांड्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळ जिवंत आहे आणि पोलपेक्षा कितीतरी स्वस्त.

अडचण वयाची येते. मल्लखांबाचे वर्ग बहुतेक ठिकाणी मुलांसाठी असतात. चौतीसाव्या वर्षी, दोन बाळंतपणांनंतर, आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहून दसरंग शिकायची तयारी असेल तर तुमच्यासारखं कुणी नाही. माझी नव्हती.

दोन्हींत फरकही बराच आहे. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी, जाड, वर निमुळता होत जाणारा, आणि त्याला एरंडेल लावतात. पोल मुठीत मावणारा, सरळसोट, धातूचा, आणि तेलाचा थेंब त्याला चालत नाही. मल्लखांबावर मांड्यांची अढी आणि उडी महत्त्वाची. पोलवर कातडीची पकड आणि संथपणा. पण अंग तेच, भीती तीच. ज्यांनी लहानपणी दोरीचा मल्लखांब केलाय त्या बायका पोलवर पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या पुढे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला एकसुद्धा जोर मारता येत नाही. आधी ताकद कमवू की थेट सुरू करू?

थेट सुरू करा. ताकद येईपर्यंत थांबणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्या अजून थांबल्यात. मला सुरुवातीला दांडीला आठ सेकंद लोंबकळता यायचं, नवव्या सेकंदाला बोटं उघडायची.

मात्र क्लास सुरू करण्याआधी तीन-चार आठवडे घरात एवढं केलंत तर खांदे दुवा देतील: दाराच्या चौकटीतल्या पुल-अप दांडीला लोंबकळणं, आणि लोंबकळताना खांदे कानांपासून खाली ओढायचे, कोपर न वाकवता. नुसतं मटणाच्या दुकानातल्या बोकडासारखं लटकायचं नाही. त्यात सांध्यावर सगळं ओझं येतं. जोडीला प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं, आणि मनगटं सगळ्या दिशांनी फिरवणं. हिशेबाचं काम करणाऱ्यांची मनगटं तर आधीच माऊसने खाल्लेली असतात.

वय? वजन?

पुण्यात माझ्या बॅचमध्ये बावन्न वर्षांच्या एक बाई होत्या. आमच्यापेक्षा हळू शिकल्या आणि आमच्यापेक्षा कमी दुखावल्या. वजन जास्त असेल तर गिरक्या उशिरा जमतात, पण मांडीची पकड बहुतेक वेळा चांगली बसते, म्हणजे खांबावर बसून राहणं बारीक मुलींपेक्षा सोपं जातं. घरी पोल घेताना मात्र त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा बघा. ती लाजायची गोष्ट नाही.

कोणी करू नये?

गरोदरपणात नव्याने सुरू करू नका. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल तर उलटं लटकणं नाही म्हणजे नाही, कारण डोके खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. मणक्याची गादी सरकलेली, खांदा एकदा निखळलेला, हाडं ठिसूळ झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विचारताना ‘डान्स’ म्हणू नका, ते मान डोलावून हो म्हणतात. ‘हातांवर अंगाचं वजन तोलायचं आणि उलटं व्हायचं’ असं सांगा, मग ते पेन खाली ठेवून ऐकतात.

बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू परत जोडले गेलेत का हे फिजिओथेरपिस्टकडून बघून घ्या. मी हे केलं नव्हतं आणि पहिले सहा महिने खोकताना अडचण व्हायची. बायका एकमेकींना हे सांगत नाहीत म्हणून मी लिहिते आहे.

पाळीच्या दिवसांत?

झेपतं तेवढं करा. शरीर बंदी घालत नाही, उलटं होण्यानेही काही बिघडत नाही. पोट दुखत असेल तर जमिनीवरचा सराव करा, नाहीतर घरी पडून राहा.

कपडे एवढे तोकडे कशाला?

कारण खांब कापडाने धरता येत नाही. लेगिंग्ज घालून पोलवर चढणं म्हणजे ओल्या साबणाच्या वडीवर उभं राहणं. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण, काख, कंबरेची बाजू, पोट, या ठिकाणची उघडी कातडी घर्षणाने पकडते, त्यावरच सगळा जीव टांगलेला असतो. पहिल्या दोन महिन्यांत गुडघ्याच्या वर जाणारी हाफ पँट आणि साधा बिनबाह्यांचा टी-शर्ट पुरतो. पुढे कंबर उघडी लागते.

ज्यांना हे अजिबात नकोच, त्यांच्यासाठी सिलिकॉन चढवलेला पोल मिळतो. त्यावर पूर्ण कपड्यांतच सराव करायचा, नाहीतर कातडी सोलवटून निघते. गिरक्या त्यावर जमत नाहीत, चढणं आणि धरणं जमतं. माझी एक मैत्रीण फक्त त्यावरच करते आणि तिचे दंड माझ्यापेक्षा बघण्यासारखे आहेत.

घरी काय सांगायचं?

मी सांगितलं नव्हतं. महिन्यातून दोन शनिवारी ‘पुण्याला कोर्स’ एवढंच. मग खांब घरी आणायची वेळ आली, तेव्हा सांगावंच लागलं. एवढा जड खोका जिन्यातून कोण चढवणार?

माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी गंगावेशीकडच्या एका तालमीत जोर-बैठका मारलेल्या आहेत. त्यांच्या काळी तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईने पाऊल टाकायची सोय नव्हती. खांब बसवला त्या संध्याकाळी ते वर आले. बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केलं, खाली बसून पायाची चकती बघितली, वर स्लॅबकडे बघितलं. मी हातपाय आवळून उभी. मग म्हणाले, “चढायला काय, माकडबी चढतंय. उतरतीस कशी ते दाव.”

मला नीट उतरता येत नव्हतं. वर जायचे आणि घसरत धाडकन खाली यायचे. पुण्यात कुणी एवढं रोखठोक बोललंच नव्हतं. त्यानंतर तीन आठवडे मी फक्त उतरण्याचा सराव केला, एकेक हात, एकेक पाय. आजही कुठलाही नवा डाव शिकताना मी त्यातून बाहेर कसं यायचं ते आधी शिकते. तुमच्या घरात असे सासरे असतील असं नाही. पण ‘व्यायाम आहे, या, बघा’ असं म्हणून दार उघडं ठेवलं की बंद दारामागच्या कल्पना निम्म्या होतात. आमच्या शेजारच्या काकी तर दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, “मी बी येतो की गं, पाठ धरलीया.”

कोल्हापुरात शिकायचं कुठे?

मी पुण्यात शिकले, कारण त्या वेळी मला इथे काही सापडलं नाही. अंतर साधारण २३० किलोमीटर. शनिवारी पहाटेची एसटी, दुपारी दोन तास, रविवारी सकाळी दोन तास आणि परत. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कृपेने पोहोचायला किती वेळ लागेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. हे महिन्यातून दोनदा, जवळजवळ दोन वर्षं. मधल्या दिवसांत घरी लोंबकळणं, पोटाचे व्यायाम, पाय ताणणं.

तुम्ही शोधाल तेव्हा कदाचित जवळ काही मिळेलही. शिक्षिका कशी पारखायची ते सांगते. ती पहिल्या तासाला तुमच्या जुन्या दुखापती विचारते का? अंग गरम होण्यासाठी निदान पंधरा मिनिटं देते का? दोन्ही बाजूंनी करून घेते का, की फक्त उजव्या? नवा डाव करताना तुमच्या कुशीला हात लावून उभी राहते, की लांबून टाळ्या वाजवते? आणि पहिल्या महिन्यात उलटं लटकवून फोटो काढून देणारी असेल तर तिथून पैसे परत मागा.

नुसते व्हिडिओ बघून शून्यापासून शिकू नका. आपला खांदा कानाला चिकटलाय हे व्हिडिओला दिसत नाही.

घरी पोल बसवायचा आहे. कुठे बसतो?

घरगुती पोल दोन प्रकारचे. एक जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवायचा, ड्रिल न करता. दुसरा छताला स्क्रूने कायम पक्का केलेला. दोन्हींना वर भक्कम काँक्रीटचा स्लॅब पाहिजे, शक्यतो बीमखाली. पीओपीच्या छताखाली नको, छत खाली येईल आणि तुम्ही त्याच्या आधी. शिवाजी पेठेतल्या जुन्या कौलारू घरात किंवा पत्र्याच्या खोलीत हा विषयच सोडा. तिथे स्वतःच्या जड बैठकीवर उभा राहणारा पोल लागतो, आणि तो अर्धी खोली खातो.

उंची मोजून घ्या. बरेच घरगुती पोल सव्वासात ते नऊ फुटांसाठी येतात. आपल्याकडे बंगल्यांत स्लॅब दहा फुटांवर असतो, मग जोडतुकडा वेगळा मागवावा लागतो. मी न मोजता मागवला आणि दीड महिना खांब आडवा ठेवून त्यावर साड्या वाळत घातल्या. सभोवती प्रत्येक बाजूला हातपाय पसरून एक फूट उरेल एवढी मोकळी जागा हवी. फिरताना कपाटाचा कोपरा नडगीला बसला की कळतं.

दर वेळी चढण्याआधी खांब सरळ आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने बघायचं आणि घट्टपणा तपासायचा. माझ्याकडून हे एकदा राहिलं होतं. वरची चकती बोटभर सरकली, मी जमिनीपासून हातभरच वर होते म्हणून लिहायला शिल्लक आहे.

जाडी कुठली? क्रोम की स्टील?

४५ मिलिमीटर. स्पर्धेतही तीच. हात अगदी लहान असतील तर ४०. क्रोम सगळीकडे मिळतो आणि ठीक आहे. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे नकली कानातल्यांनी कान चिघळत असतील, तर स्टेनलेस स्टील. हाताला फार घाम येत असेल तर पितळी. बाकी रंगीबेरंगी बघत बसू नका.

उद्यमनगरातून पाईप करून घेतला तर? तिथे काय मिळत नाही!

हा प्रश्न फक्त कोल्हापुरात येतो, आणि मलाही आला होता. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, विमानाचा पंखाही कुणी घासून देईल अशी आपली श्रद्धा. मी एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे गेले. त्याने रेलिंगचा दोन इंची स्टेनलेस पाईप काढला, दोन तुकडे वेल्ड करून जोड घासून चकाचक केला, खाली-वर प्लेटा ठोकल्या. विदेशी खांबाच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात काम झालं. मी खूश.

आता त्यात काय काय चुकलं ते ऐका. दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटर. माझी बोटं अंगठ्याला टेकेनात, म्हणजे पकड फक्त पंज्याच्या ताकदीवर. पाणी-गॅसचा पाईप घ्यावा तर सव्वा इंची बाहेरून ४२.४ भरतो आणि दीड इंची ४८.३. आपल्याला पाहिजे तो ४५ बाजारात सहज पडलेला नसतो. रेलिंगच्या पाईपची भिंत पातळ. त्यावर माणूस हात टेकवून उभा राहतो, फिरत लटकत नाही. आणि तो जोड. डोळ्याला दिसत नव्हता, पण मी घसरत खाली आले तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला समजला. दोन इंचांची सालपटं निघाली. आठवड्याने बघितलं तर पाईप मधोमध किंचित वाकलेला. फॅब्रिकेटरची चूक नव्हती, त्याने रेलिंग चांगलंच केलं होतं. आता त्यावर वरच्या गॅलरीतला वेल चढलाय.

पैसे वाचवायचेच तर चांगल्या बनावटीचा वापरलेला पोल शोधा. खांबापेक्षा त्याची बेअरिंग आणि वरचा-खालचा जोड तपासा.

एकूण खर्च?

पोल, जाड मॅट, आणणावळ आणि कस्टम मिळून माझे पैसे एका बऱ्या सेकंडहँड स्कूटीएवढे गेले. मॅट टाळू नका. निदान चार इंच जाडीची, खांबाभोवती दोन्ही बाजूंनी बसणारी. घरातली कापसाची गादी चालत नाही, पाय रुततो आणि घोटा मुरगळतो.

पहिल्या तीन महिन्यांत काय शिकतात?

खांबाभोवती चालायला. हसू नका. आतला हात वर, खांदा खाली, अंग खांबापासून लांब झुकवून चालायचं. यात पकड, तोल आणि वजन कुठे टाकायचं ते सगळं येतं. मग साध्या गिरक्या: फायरमन, म्हणजे दोन्ही गुडघ्यांनी खांब पकडून अग्निशमनवाल्यासारखं फिरत उतरणं, आणि चेअर, म्हणजे हवेत खुर्चीवर बसल्यासारखं. मग चढणं: पायाची पाठ आणि नडगी पुढून, दुसऱ्या पायाची पोटरी मागून, खांब मध्ये दाबून उभं राहायचं. नव्या मुली हाताने ओढून घेतात, खरं काम पायांचं. मग पोल सिट, मांड्यांत खांब पकडून हात सोडून बसणं. तेव्हा जी कळ येते ती बाळंतिणीलाही नवी असते. चौथ्या-पाचव्या वेळी ती कमी होते, महिन्याभरात विसरता.

आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये विश्रांती. स्नायू लवकर तयार होतात, स्नायूबंध मागून येतात. तिसऱ्या महिन्यात अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि नेमकं तेव्हाच कोपर धरतं. मी यात सापडले होते, तीन महिने भाजी चिरता येत नव्हती.

दोन्ही बाजू सारख्या करा. डावी बाजू कुरूप दिसते, रडवते, तरी करा.

फिरता खांब पहिले दोन-तीन महिने टाळा. त्यात अंग आवळलं की वेग वाढतो, हातपाय पसरले की कमी होतो. घाबरलेलं माणूस आपसूक आवळतं, आणि मग जोतिबाच्या जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं होतं.

उलटं कधी?

खांबापाशी उभं राहून, उडी न मारता, कोपरं वाकलेली ठेवून, दोन्ही पाय जमिनीवरून सावकाश उचलून पोटाशी आणता येतील, आणि तितक्याच सावकाश परत ठेवता येतील तेव्हा. कुणाला सहा महिने, कुणाला दीड वर्ष. उडी मारून उलटं होणाऱ्यांच्या खांद्यांची मला काळजी वाटते. पहिल्या पन्नास वेळा शेजारी माणूस पाहिजेच. मॅट मानेला वाचवत नाही, माणूस वाचवतो.

उलटं झाल्यावर गुडघ्याच्या लवणीत खांब अडकवून लटकणं ही पहिली मोठी पायरी. अडकवण्याआधी कसं सोडवायचं ते जमिनीवर आडवं पडून घोकून घ्या.

आणि एक: हात पिळून, अंगठा खाली करून धरायची एक पकड असते. व्हिडिओत फार देखणी दिसते. खांद्याचा सांधा त्यात आतल्या बाजूला वळलेल्या अवस्थेत सगळं ओझं घेतो. पहिलं वर्ष-दोन वर्षं तिच्या वाटेला जाऊ नका.

अंगावर काळेनिळे डाग पडतात म्हणे?

पडतात. मांड्या, पोटऱ्या, पायाची पाठ, काखेजवळ. एक-दोन आठवड्यांत हिरवे-पिवळे होऊन जातात. पहिल्या दिवशी बर्फ. पुढे त्याच जागी कमी पडतात. काहीच न करता डाग पडत असतील किंवा जात नसतील तर डॉक्टर.

लग्नसराईत सराव जरा आवरा. नात्यातल्या एका हळदीला माझी बाही वर सरकली, आणि एका मावशींनी मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेतलं. दंडाला हळूच हात लावून म्हणाल्या, “घरात सगळं बरं हाय न्हवं, बाळा? मला सांग.” मी खांबाचं सांगायला लागले तर त्यांचे डोळे आणखी भरून आले. असलं कारण कोण खरं मानणार! शेवटी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, तेव्हा कुठे हात सोडला. त्या विचारायला आल्या हे मी विसरणार नाही.

हात घसरतात. पावसाळ्यात तर काहीच होत नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की माझ्या खोलीतला खांबही घामेजतो. जुलै-ऑगस्टमध्ये अवघड डाव करूच नका. पंखा अंगावर न घेता खांबावर सोडा, खिडक्या लावून घ्या, खांब स्पिरिटने पुसा, हाताला लिक्विड चॉक (पकडीसाठीची पातळ, खडूसारखी पेस्ट) लावा आणि पूर्ण वाळू द्या. ओला चॉक हा नुसता चिखल. थंडीत उलटं: खांब गार असला की कातडी पकडत नाही, तेव्हा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडा करून घ्या.

आदल्या रात्रीपासून अंगाला लोशन, तेल, व्हॅसलीन काही नाही. डोक्याला खोबरेल चोपडलं असेल तर त्या दिवशी रजा. केसांचं तेल मानेवर, मानेचं हातावर, हाताचं खांबावर, आणि पुढची बाई खाली.

मंगळसूत्र, जोडवी?

काढायची. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, बेंबीतली रिंग, सगळं. उलटं झाल्यावर मंगळसूत्र गळ्याला आवळतं किंवा खांबात अडकतं, आणि अंगठीच्या ओरखड्याने खांबाचा मुलामा जातो. जोडवी निघत नसतील तर वरून टेप लावा. मी माझं मंगळसूत्र खोलीतल्या एका खुंटीला अडकवते. सासूबाईंनी तिथे शेजारी एक छोटा गणपती ठेवलाय, त्यावर आमच्यात चर्चा झालेली नाही.

काय खायचं?

दोन तास आधीपासून पोट हलकं. मिसळ खाऊन उलटं लटकलात तर कट परत भेटतो. बाकी आपलं नेहमीचं: अंडी, डाळ, उसळ, दूध, रविवारचं मटण. रस्सा पिऊन प्रथिनं मिळत नाहीत, त्यासाठी फोडी खाव्या लागतात.

वजन उतरेल का?

यासाठी येऊ नका. तासात निम्मा वेळ आपला नंबर यायची वाट बघण्यात आणि हात पुसण्यात जातो. माझं वजन पाच वर्षांत दीड किलोने वाढलंय आणि ब्लाउज खांद्यात उसवून घेतलेत. वजन उतरवायचं तर रंकाळ्याला चक्कर मारा, फुकट आहे.

पुरुषांनी केलं तर चालतं?

चालतं, स्पर्धांत त्यांचे वेगळे गट असतात. तालमीतली पोरं ताकदीच्या बळावर पहिल्याच दिवशी वर जातात आणि मांडी सैल नसल्याने तिथेच अडकतात. पाय ताणायला लाजू नका एवढंच.

लहान मुलांना?

मल्लखांबाला घाला.

व्हिडिओ टाकू का?

स्वतःच्या चुका बघायला जरूर काढा. लोकांसाठी टाकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मागच्या आरशात दुसरी कुणी दिसत असेल तर तिला विचारल्याशिवाय नाही. सगळ्यांच्या घरी सांगून झालेलं नसतं.

पहिल्या दिवशी बरोबर काय न्यायचं?

हाफ पँट, वरून घालायला सैल पँट, पाणी, कापलेली नखं, केस बांधायला साधं रबर, पिना नकोत. आणि एक जुना सुती टॉवेल. नवा नको, नवा घाम टिपत नाही, नुसता पसरवतो.